आधी मोजा, मग उपटा

कोल्हापूरच्या दक्षिणेला असलेला कळंबा तलाव शहराला पाणी देतो आणि पाणपक्ष्यांना आसराही. अशा तलावासाठी काही करावे असे मुलांना वाटले, की ती खराटे आणि पोती घेऊन निघतात. प्लास्टिक उचलणे चांगलेच. पण पाण्यातल्या वनस्पती उपटण्याआधी जरा थांबायला हवे. कमळपक्षी पावसाळ्यात तरंगत्या पानांवरच अंडी घालतो. त्या दिवसांत सरसकट सफाई केली, तर केंदाळाबरोबर घरटीही जातात. म्हणून आम्ही सुचवतो : आधी मोजा.

मोजायचे कसे? बांधावरची एक जागा, सकाळची एक वेळ आणि अर्धा तास, एवढे ठरवून टाका. मोठा थवा दिसला तर प्रथम दहा पक्षी मोजा. त्यांनी किती जागा व्यापली ते पाहा आणि तेवढे किती गट होतात याचा अंदाज घ्या.

टिबुकली सारखी बुडी मारते, मग मोजणी चुकणार नाही का? चुकेल. पण दर वेळी जागा, वेळ आणि कालावधी तेच ठेवले, तर चूकही साधारण त्याच प्रमाणात होते आणि संख्येतली चढउतार कळते. जागा बदलली, की तुलना संपली. शोधूनही न दिसलेल्या पक्ष्यापुढे शून्य लिहा. कोरी जागा ठेवली, तर पक्षी नव्हता की कोणी पाहिलेच नाही, हे पुढे कळत नाही.

एका वर्षी पक्षी कमी दिसले म्हणजे ते घटले असे नाही. चांगल्या पावसाने लहान डबकी भरली, की पक्षी विखुरतात. म्हणून अनेक पाणथळ जागा एकाच सुमारास मोजाव्या लागतात. 1987 पासून दर जानेवारीत होणारी आशियाई पाणपक्षी गणना याच तत्त्वावर, स्वयंसेवकांच्या बळावर चालते.

शाळेला यासाठी वही, पेन्सिल आणि जमल्यास एक दुर्बीण पुरते. मुले दहावी होऊन जातील, वही मात्र शाळेत राहू द्या. उद्या तलावात गाळ काढायचा की काठावर बांधकाम करायचे, असा प्रश्न आला, तर ‘पूर्वी पुष्कळ पक्षी यायचे’ ही आठवण पुरत नाही. तेव्हा वहीतला आकडाच बोलतो.