मोटारसायकलच्या एंजिनाचा श्वास

आमच्या कांहीं वाचकांजवळ ओतीव लोखंडी सिलिंडरची जुनी ३५० बुलेट अद्याप चालू आहे. तिच्या एंजिनाच्या जोडांतून तेल पाझरूं लागलें कीं मिस्त्री पॅकिंग बदलण्यास सांगतो. आमच्या गाडीचें पॅकिंग आम्हीं असेंच दोनदां बदलविलें. तिसऱ्या आठवड्यांत तेल पुन्हां हजर! दोष पॅकिंगचा नव्हताच. एंजिनास श्वास टाकावयास वाट उरली नव्हती.

या एंजिनांत एकच दट्ट्या असून त्याचा व्यास ७० व धांव ९० मिलिमीटर आहे. तो खालीं येतांना क्रँककेसमधील सुमारें ३४६ घन सेंटिमीटर जागा व्यापतो. मिनिटास ३००० फेरे धरल्यास असें सेकंदांत ५० वेळां घडतें. शिवाय रिंगांच्या फटींतून निसटलेला जळका वायु व पाण्याची वाफ तेथेंच उतरतात. ही हवा ब्रीदरच्या नळीनें बाहेर जावी, पण दट्ट्या वर जातांना परत आंत येऊं नये. म्हणजे आंतील दाब बाहेरच्यापेक्षां किंचित् कमी राहून तेल जोडांतून ढकललें जात नाहीं. याकरितां नळीस बदकाच्या चोचीसारखी चपटी रबरी झडप असते. तिचें रबर कडक झालें, चिरलें, किंवा दुधाळ चिकट्यानें मिटलें कीं सर्व बिघडतें. घर ते मळा एवढीच फेरी करणाऱ्या गाडीचें एंजिन पुरतें तापत नाहीं, वाफेचें पाणी होऊन तेलांत मिसळतें. अशा गाडीस हा विकार अधिक.

परीक्षा सोपी आहे. झडप काढून साबणाच्या पाण्यानें धुवावी. पेट्रोलमध्यें बुडवूं नये, रबर फुगतें. मग एंजिनाकडील तोंडानें फुंकावें, हवा गेली पाहिजे; ओढून पाहावें, ती येतां कामा नये. तसें न घडल्यास नवी झडप घालावी, अथवा मोटारीची एकमार्गी झडप, तिच्यावरील बाण बाहेरच्या दिशेस ठेवून, एंजिनाच्या होईल तितकी जवळ बसवावी. नळी तेल सोसणाऱ्या रबराची घ्यावी, व तिचें पोट मूळच्यापेक्षां बारीक नसावें. ठिबकाची उरलेली नळी लावण्याचा मोह होतो; ती तापून मऊ पडते व वांकणाशीं मिटते. नळीचें टोंक असें सोडावें कीं मागील टायरवर थेंब पडणार नाहीं. वळणावर चाक घसरलें तर जिवावर बेतेल. तेल बाटलींत धरावयाचें असल्यास टोपणास भोंक अवश्य ठेवावें, नाहीं तर सर्व खटाटोप उलट होतो.

अलीकडील गाड्यांत ही वाफ एंजिनांतच परत जाळण्याची योजना कायद्यानें असते. तेथें नळी तोडूं नये. जुन्या गाडींत झडप नीट करूनहि नळींतून सतत धूर येत राहिल्यास रिंगा झिजल्या असें समजावें, व तेव्हां मात्र एंजिन उघडावें.