परसातली बर्फाची टेकडी

(सामुदायिक रेडिओवर झालेले भाषण)

आज एका खेळाची माहिती करून घेऊ, आणि तो खेळ गावातल्या साध्या घरच्या मुलांपर्यंत पोचवणाऱ्या एका कुटुंबाचीही. खेळाचं नाव आहे स्कीइंग, म्हणजे बर्फावरून घसरत जाणं.

आपल्याकडे बर्फ पडत नाही, म्हणून आधी खेळ समजून घेऊ. पायात घोट्याच्या वरपर्यंत येणारे टणक बूट घालतात. प्रत्येक बुटाखाली एक लांब, अरुंद पट्टी अडकवलेली असते. तिचं पुढचं टोक वर वळलेलं असतं. या पट्ट्यांना स्की म्हणतात. त्या घालून उतारावर उभं राहिलं की माणूस आपोआप खाली घसरू लागतो. खरं कसब आहे ते वेग आवरण्यात आणि वळण्यात. म्हणून नवशिक्याला सुरुवातीलाच थांबायला शिकवतात. दोन्ही पट्ट्यांची पुढची टोकं जवळ आणायची आणि मागची लांब फाकवायची. मग पट्ट्यांच्या आतल्या कडा बर्फात रुततात आणि वेग कमी होतो.

खाली आलं की पुन्हा वर जायचं कसं? मोठ्या ठिकाणी तारेवरून जाणारे पाळणे असतात. छोट्या टेकडीला एक दोर पुरतो. वर एक चाक, खाली एक चाक आणि त्यांच्यावरून गोल फिरणारा दोर. मुलं दोर घट्ट धरतात आणि तो त्यांना वर ओढून नेतो. अमेरिकेतला असा पहिला दोर १९३४ साली व्हरमाँट राज्यातल्या वुडस्टॉक गावी लागला. तो फोर्ड मोटारीच्या इंजिनावर चालायचा.

व्हरमाँट हे अमेरिकेच्या ईशान्येचं, कॅनडाला लागून असलेलं डोंगराळ राज्य. तिथल्या रिचमंड गावात मिकी आणि जिनी कॉक्रन या जोडप्याने शेतघर घेतलं. घरामागे टेकडी होती. त्यांना चार मुलं: मेरिलिन, बार्बरा अ‍ॅन, बॉब आणि लिंडी. मोठ्या डोंगरावर जायचं तर सुट्टीचा दिवसच हवा. टेकडी घरालाच लागून असली, तर शाळा सुटल्यावर रोज सराव होईल, असा त्यांनी विचार केला. १९६१ साली त्यांनी टेकडीवर दोर बसवला.

दोर फिरताना दिसला, तशी शेजारची मुलं येऊ लागली. जिनीबाई त्यांनाही शिकवू लागल्या. गारठलेल्या मुलांना ऊब घ्यायला वेगळी जागा नव्हती, म्हणून त्यांचं स्वयंपाकघरच सगळ्यांचा निवारा झालं.

आता कुणी म्हणेल, एवढ्याशा टेकडीवर काय शिकणार? आपल्याकडे मुलं विहिरीत पोहायला शिकतात ते आठवा. पाठीला भोपळा नाहीतर डबा बांधायचा आणि उडी मारायची, वर यायचं, परत उडी मारायची. शिकणं होतं ते त्या परत परत मारलेल्या उडीत. इथेही तसंच आहे. उतार छोटा असला की खाली यायला थोडाच वेळ लागतो, आणि एका संध्याकाळीत कितीतरी फेऱ्या होतात. शिवाय आई खालून सगळा उतार पाहू शकते. पडलेलं मूल तिच्या नजरेसमोर असतं.

कॉक्रन यांची चारही मुलं अमेरिकेच्या राष्ट्रीय संघात गेली. १९७२ साली जपानमधल्या सापोरो ऑलिंपिकमध्ये बार्बरा अ‍ॅनने सुवर्णपदक जिंकलं, तेही सेकंदाच्या फक्त दोन शतांश फरकाने. तिचा मुलगा रायन याने २०२२ साली बीजिंगला रौप्यपदक मिळवलं. पुढे बार्बरा अ‍ॅनने याच टेकडीवर एक वेगळा वर्ग चालवला. आपल्या लहानग्यांना स्कीइंग कसं शिकवायचं, हे ती त्यात आईवडिलांना शिकवायची. रोजचा शिक्षक घरातच तयार झाला, तर शिकवणीचा खर्च वाचतो.

पण ऑलिंपिकला जाणारी मुलं मोजकीच असतात. या टेकडीचा उपयोग झाला तो बाकीच्या मुलांना. स्कीइंग हा फार महागडा खेळ झाला आहे. अमेरिकेतल्या मोठ्या ठिकाणी एका माणसाचं एका दिवसाचं तिकीट दोनशे डॉलरच्याही वर जातं. मुलांना घेऊन गेलं तर मध्यम घरचा महिन्याचा हिशेब कोलमडतो. त्या भागातल्या शेकडो छोट्या टेकड्या गेल्या काही दशकांत बंद पडल्या. कुठे बर्फ कमी पडू लागला, कुठे विम्याचा आणि यंत्रांचा खर्च झेपेना, तर कुठे चालवणारी माणसं म्हातारी झाली आणि पुढे कुणी उभं राहिलं नाही.

कॉक्रन यांची टेकडीही अशीच गेली असती. एका घराच्या चांगुलपणावर चालणारं काम त्या घराबरोबर संपतं. १९९८ साली मिकी वारले. त्याच वर्षी टेकडीची नफा न घेणारी संस्था झाली. अमेरिकेतलं अशा प्रकारचं हे पहिलं स्की-मैदान मानलं जातं. आता जमा झालेला पैसा कुणाच्या खिशात जात नाही. तो टेकडीच्याच कामी येतो. देणग्या मिळतात, गावचे लोक श्रमदान करतात. पैसे नाहीत म्हणून एकाही मुलाला परत पाठवायचं नाही, हे संस्थेने आपलं ध्येय ठरवलं आहे. जिनीबाई २००५ साली गेल्या, पण टेकडी चालू राहिली.

मैत्रिणींनो, गटाच्या पुढच्या बैठकीत यावर थोडं बोला. आपल्या गावातही एखाद्या ताईच्या ओसरीवर अभ्यासवर्ग चालतो, एखादी काकू अंगणात मुलींना कबड्डी शिकवते. त्या कामाचा खर्च आज कोण सोसतं? उद्या ती ताई आजारी पडली, तर ते कोण चालवेल? काम तिच्या एकटीवर न ठेवता सगळ्यांचं करायचं, तर हिशेबाची वही कुणाकडे असावी आणि निर्णय कुणी घ्यावेत? बैठकीत जे ठरेल, ते आम्हाला जरूर कळवा.