पस्तीसपेक्षा दहा मोठे कधी?

‘डेस्टिनी २’ या ऑनलाइन खेळात नवी बंदूक हाती आली की तिच्या माहितीच्या चौकटीत काही छोटी चित्रं दिसतात. त्यातली दोन महत्त्वाची. हे बंदुकीचे ‘पर्क’, म्हणजे तिचे अंगचे गुण. त्यातल्या एकाचं नाव ‘व्हॉर्पल वेपन’ असेल, तर ही बंदूक बॉसला, वाहनांना आणि ‘सुपर’ ही खास शक्ती चालू असलेल्या खेळाडूंना जास्त इजा करते, असं त्याचं वर्णन सांगतं. जास्त म्हणजे किती? त्याबद्दल बरीच वर्षं मिठाची गुळणी. (‘व्हॉर्पल’ हा शब्दही लुईस कॅरलने १८७१ साली आपल्या कवितेतल्या तलवारीसाठी मनानेच रचलेला. त्याचा नेमका अर्थ तिथेही सापडत नाही.)

आकडे कळतात ते बंजी या अमेरिकी कंपनीच्या सुधारणांच्या टिपणांतून, आणि त्याहून जास्त खेळाडूंच्या चिकाटीतून. एकाच बॉसवर तीच बंदूक पर्क चालू असताना आणि नसताना झाडायची, पडद्यावर उमटणारे इजेचे आकडे टिपायचे, व्हिडिओ थांबवून थांबवून वेळ मोजायची आणि सगळं तक्त्यात भरायचं. अशा मोजमापातून व्हॉर्पलचा भाव ठरला: जड शस्त्रावर १० टक्के, मधल्या दर्जाच्या ‘स्पेशल’ शस्त्रावर १५ आणि रोजच्या साध्या बंदुकीवर २० टक्के.

मार्च २०२२मध्ये ‘व्हाउ ऑफ द डिसायपल’ ही मोहीम खुली झाली आणि तिच्यासोबत ‘बेट अँड स्विच’ नावाचा पर्क आला. अंगावरच्या तिन्ही बंदुकांनी थोड्या वेळात इजा केली की या बंदुकीचा मार वाढायचा, १० सेकंदांसाठी ३५ टक्क्यांनी. दहा आणि पस्तीस समोरासमोर ठेवले तर शाळकरी पोरही पस्तीस उचलेल. पण निवड इतकी सरळ असती तर खेळाडूंनी तक्ते भरत रात्री घालवल्याच नसत्या.

आधी बॉसविषयी थोडं. सप्टेंबर २०१७मध्ये आलेल्या या खेळात सगळ्यात अवघड मोहिमांना ‘रेड’ म्हणतात आणि त्या सहा जणांनी मिळून खेळायच्या असतात. रेडमधला बॉस बराच वेळ अभेद्य असतो. चिन्हं ओळखा, गोळे उचला, फरशांवर ठरल्या क्रमाने उभे राहा, असली कामं उरकली की थोड्या सेकंदांसाठी त्याचं कवच उतरतं. याला खेळाडू ‘डॅमेज फेज’ म्हणतात. तेवढ्या वेळात होईल तेवढा मारा करायचा. बॉस मेला नाही तर पुन्हा सगळी कवायत. शिवाय जड शस्त्राच्या गोळ्या मोजक्या. त्या मिळतात शत्रू पडल्यावर उरणाऱ्या जांभळ्या पेट्यांतून, आणि पेटी नेमकी हवी तेव्हा पडेल याची खात्री नाही.

म्हणजे टंचाई दोन गोष्टींची: सेकंदांची आणि गोळ्यांची. शेवटच्या षटकांत चेंडू आधी संपणार की विकेट, यावर फलंदाजीची तऱ्हा ठरते, तसंच हे. आधी काय संपणार ते कळल्याशिवाय कुठल्याही पर्कचं मोल ठरत नाही.

एक काल्पनिक बंदूक घेऊ. मॅगझिनमध्ये ६ गोळ्या, सेकंदाला एक गोळी, प्रत्येकीची इजा १००, आणि रिलोडला २ सेकंद. बॉस २२ सेकंद उघडा राहतो. पर्क नसलेली ही बंदूक तेवढ्यात तीन मॅगझिन रिकामी करते: १८ गोळ्या, १८००. व्हॉर्पल असेल तर १९८०. खेळाडूला वेगळं काहीच करावं लागत नाही, चाप ओढत राहिलं की झालं.

आता बेट अँड स्विच. बॉस उघडल्यावर खेळाडू पहिली बंदूक काढतो, एक गोळी. दुसरी काढतो, एक गोळी. गेली दोन सेकंदं. (या दोन गोळ्यांची किरकोळ इजा सोडून देऊ.) मग जड बंदूक. तिची पहिली गोळी पर्क पेटवते, पण त्या गोळीला स्वतःला फायदा मिळत नाही. तिचा सेकंद धरून १० सेकंदांत पाच गोळ्या वाढीव माराच्या जातात, मग मॅगझिन संपतं, रिलोडमध्ये आणखी दोन सेकंदं वाया जातात आणि उरलेल्या मुदतीत जेमतेम दोन गोळ्या बसतात. बाविसाव्या सेकंदापर्यंत एकूण १६ गोळ्या, त्यातल्या वाढीव फक्त ७. बेरीज १८४५. म्हणजे ३५ टक्क्यांचा पर्क १० टक्क्यांच्या पर्कपुढे १३५ने मागे. मध्येच पुन्हा बंदुका बदलून तो पेटवायला जावं तर बेरीज आणखी घसरते.

पर्कच्या वर्णनात जी किंमत लिहिलेली नसते, ती ही. अट पुरी करायला लागणारा वेळ बॉसच्याच वेळातून कापला जातो आणि रिलोडचा वेळ वाढीव मुदतीतून.

यावर मुरलेल्या खेळाडूंनी काढलेला तोडगा साधा आहे. बॉसचं कवच उतरण्याआधी आजूबाजूला किरकोळ शत्रू असतातच. बंदुका बदलण्याचा सोपस्कार त्यांच्यावर उरकून घ्यायचा, म्हणजे बॉस उघडतो त्या क्षणी पर्क पेटलेला असतो. मात्र एवढ्याने काम भागत नाही. वरच्याच बंदुकीवर हे करून बेरीज येते २०८०. एवढा आटापिटा करून व्हॉर्पलपेक्षा जास्त किती, तर शंभर!

खरी जादू होते ती शेजारच्या रकान्यामुळे. या खेळातल्या बहुतेक चांगल्या बंदुकांना दोन मुख्य पर्क असतात आणि त्यांच्या जोड्या नशिबाने पडतात. (सुरुवातीला पर्क ठरलेलेच असायचे. सप्टेंबर २०१८च्या ‘फोर्सेकन’ विस्तारात नशिबाचा खेळ परत आला, आणि एकाच नावाच्या आठ-दहा बंदुका कोठीत साठवणारी जमात जन्माला आली.) ‘फोर्थ टाइम्स द चार्म’ हा असाच पहिल्या रकान्यातला पर्क. चार गोळ्या झटपट वर्मी बसल्या की दोन गोळ्या मॅगझिनमध्ये परत येतात, त्याही फुकट. शिल्लक साठ्यातून नाही. यात ‘टक्के’ हा शब्द कुठेच नाही, म्हणून नवखा खेळाडू याच्याकडे बघतही नाही.

मोजून बघावं. सहातल्या चार उडाल्या, दोन परत आल्या, म्हणजे पुन्हा चार. त्या उडाल्या, आणखी दोन आल्या. सहा गोळ्यांचं मॅगझिन दहा गोळ्यांचं झालं आणि रिलोड लांबणीवर पडलं. दुसरा कुठलाही पर्क नसताना २२ सेकंदांत २० गोळ्या, २०००. इथपर्यंत व्हॉर्पलच्या १९८०शी बरोबरीच. पण साठ्यात फक्त १८ गोळ्या असतील आणि बॉस दीर्घकाळ उघडा राहणार असेल, तर व्हॉर्पलची बंदूक १९८०ला कोरडी पडते. ही मात्र त्याच १८ गोळ्यांतून ३० झाडते: ३०००. रिलोड झपाट्याने करणाऱ्या पर्कचा या दुसऱ्या हिशेबात काडीचाही उपयोग नाही. रिलोड कितीही भराभर केलं, तरी गोळ्या तेवढ्याच.

आता या पर्कच्या जोडीला बेट अँड स्विच द्या. दहा गोळ्यांचं मॅगझिन, दहा सेकंदांची मुदत. दोन्ही एकमेकांत चपखल बसतात, वाढीव मुदतीत रिलोड येतच नाही. पर्क आधी पेटवून सुरुवात केली आणि रिलोडनंतर तो पुन्हा पेटवला तर बेरीज २३९५ होते. तीच सोबत व्हॉर्पलला दिली तर २२००. आणि आधी न पेटवता, बॉस उघडल्यावर सोपस्कार करत बसलं तर बेट अँड स्विच पुन्हा मागे, २११५वर. बंदूक तीच, पर्क तोच; फरक एवढाच की एकाने तयारी काही सेकंद आधी केली.

व्हाउ ऑफ द डिसायपलमध्ये मिळणाऱ्या ‘कॅटाक्लिस्मिक’ या लिनियर फ्यूजन रायफलवर नेमकी हीच जोडी पडू शकत होती. त्या वर्षी बॉसपुढे या जातीच्या बंदुका घेऊन उभे राहणारे संघ इतके होते, त्यामागे हा हिशेब होता.

अर्थात गोळी ‘वर्मी’ बसायला आधी वर्म हवं. सगळ्याच बॉसना डोकं किंवा छातीतला डोळा असा नाजूक भाग सोयीस्कर ठिकाणी नसतो, आणि असला तरी हलत्या बॉसच्या वर्मावर सलग चार गोळ्या बसवणं हे ज्याच्या-त्याच्या हातावर. इथे ‘डिव्हिनिटी’ कामी येते. ऑक्टोबर २०१९च्या ‘गार्डन ऑफ साल्व्हेशन’ रेडमध्ये कोडी सोडवून मिळणारी ही बंदूक स्वतः फारसा मार देत नाही. पण तिचा किरण बॉसवर धरून ठेवला की त्याच्याभोवती एक चमकता पिंजरा तयार होतो. पिंजऱ्यावर मारलेली गोळी वर्मी धरली जाते. म्हणून एकाने आपला मार सोडून किरण धरायचा आणि बाकी पाच जणांनी त्या भल्यामोठ्या पिंजऱ्यावर डोळे झाकून गोळ्या झाडायच्या. फोर्थ टाइम्स द चार्मची किंमत अशी दुसऱ्याच्या हातातल्या बंदुकीवर अवलंबून राहिली. रॉकेट लाँचरला तर हा हिशेब लागूच नाही, कारण रॉकेट वर्मी लागत नाही.

टक्क्यांची आणखी एक गंमत त्यांच्या जातीत आहे. बंदुकीचा स्वतःचा पर्क, खेळाडूवर चढलेलं बळ आणि बॉसवर लादलेला अशक्तपणा या तीन वेगळ्या जाती, आणि त्यांचा एकमेकांशी गुणाकार होतो. ३५ टक्क्यांचा पर्क, ‘वेल ऑफ रेडियन्स’ या सुपरने २०२२च्या सुमारास मिळणारं २५ टक्के बळ आणि ‘ट्रॅक्टर कॅनन’ या शॉटगनने आणलेला ३० टक्के अशक्तपणा: १.३५ गुणिले १.२५ गुणिले १.३, म्हणजे जवळपास २.१९ पट. पण दोन बळं किंवा दोन अशक्तपणे एकत्र आले तर त्यातलं मोठं तेवढं चालतं, दुसरं फुकट जातं. एकाने ट्रॅक्टर कॅनन मारलेली असताना दुसऱ्याने १५ टक्क्यांचा अशक्तपणा आणला तर त्याने फक्त स्वतःचा वेळ घालवला. अनोळखी सहा जण जमले की हे हमखास घडतं.

सेकंद आणि गोळ्या या दोन टंचाया किती वेगळ्या आहेत, ते ‘व्हिस्पर ऑफ द वर्म’च्या कहाणीत सगळ्यात स्वच्छ दिसतं. जुलै २०१८मध्ये आयो या उपग्रहावर खेळाडूंना एक लपवलेली मोहीम अचानक सापडली. वीस मिनिटांचं घड्याळ, अंधाऱ्या गुहांतून उड्या, आणि शेवटी ही स्नायपर. मॅगझिन तीन गोळ्यांचं, पर्क ‘व्हाइट नेल’: तिन्ही झटपट वर्मी बसल्या की मॅगझिन पुन्हा भरलेलं, आणि तेही हवेतून. ना रिलोड, ना साठा. हात स्थिर असेल तर बंदूक कधीच थांबत नाही. हाच पर्क पहिल्या ‘डेस्टिनी’त, डिसेंबर २०१४च्या ‘क्रोटाज एंड’ रेडमधल्या ‘ब्लॅक हॅमर’वर होता आणि तिथेही त्याची रया पुढे गेली होती. बंजीला दुसऱ्यांदाही ते मानवलं नाही. ऑक्टोबर २०१९च्या ‘शॅडोकीप’पासून परत येणाऱ्या गोळ्या शिल्लक साठ्यातून येऊ लागल्या. म्हणजे रिलोड वाचवण्याचा निम्मा गुण राहिला, गोळ्या वाचवण्याचा निम्मा गेला. तेवढ्याने बंदूक अनेकांच्या कोठीत जाऊन पडली.

आणि मग ‘ग्यालरहॉर्न’. पहिल्या डेस्टिनीतला हा रॉकेट लाँचर झूर नावाच्या फिरत्या व्यापाऱ्याने खेळ सुरू झाल्याच्या दुसऱ्याच आठवड्यात, सप्टेंबर २०१४मध्ये, १७ नाण्यांना विकायला काढला. हे काय प्रकरण आहे ते कोणाला ठाऊक नव्हतं, बहुतेकांनी नाणी खिशातच ठेवली. तो पुन्हा विक्रीला आला थेट ऑगस्ट २०१५मध्ये. दरम्यानच्या अकरा महिन्यांत, रॉकेट फुटल्यावर त्यातून शत्रूचा पाठलाग करणारी पिल्लं सोडणारा त्याचा ‘वुल्फपॅक राउंड्स’ हा पर्क बॉसचं काय करतो ते सगळ्यांना कळलं होतं. रेडला माणसं जमवताना तेव्हा एकच अट असायची: ग्यालरहॉर्न असेल तरच ये. नाही त्यांना दार बंद.

डिसेंबर २०२१मध्ये, बंजीच्या तिसाव्या वर्षानिमित्त, तो डेस्टिनी २मध्ये परतला तेव्हा पर्कमध्ये एक बदल होता. ग्यालरहॉर्नवाला जवळ उभा असेल तर सोबत्यांच्या साध्या रॉकेट लाँचरमधूनही पिल्लं सुटू लागली, जरा लहान आकाराची. त्यामुळे सहाही जणांनी तो आणणं हाच आता तोटा. बाकीच्यांना आपापला चांगल्या पर्कचा लाँचर आणि दुसरी एखादी दुर्मीळ बंदूक सोबत घेता येते. बॉसच्या दाराशी उभं राहून होणारी चौकशीही बदलली. ‘ग्यालर कोणाकडे आहे? एकानेच काढा. बाकीचे साधे रॉकेट घ्या आणि त्याच्या जवळ उभे राहा.’