‘झोपू द्या, सकाळी उतरेल’ हे बोलणे जिवावर बेतते



गाळप हंगाम सुरू झाला की शिवारात तोडणीच्या टोळ्या उतरतात, पाचटाच्या कोप्या उभ्या राहतात. दिवस थंडीचे. याच दिवसांत आपल्या जामनेर भागात मळ्यामळ्यांतून भरीत पार्ट्या रंगतात. हिशेब झाला, बाजार झाला, की संध्याकाळी कुठेतरी बाटली निघते. ती निघू नये असे आम्हाला मनापासून वाटते. पण आमच्या चार उपदेशाच्या ओळींनी ती थांबेल, इतके आम्ही भोळे नाही. म्हणून आज एवढेच सांगतो की, प्यालेला माणूस नुसता झिंगला आहे की मरणाच्या दारात आहे, हे शेजारच्या माणसाला ओळखता आले पाहिजे.

चित्र आपण सर्वांनीच पाहिलेले आहे. एकजण आडवा होतो. हाक मारली तर ओ देत नाही, नुसता घोरतो. कोणीतरी म्हणतो, “जास्त झाली भाऊला. झोपू द्या, सकाळी उतरेल.” अंगावर गोधडी टाकतात आणि बाकीचे निजतात. काही वेळा तो सकाळी उठतो. काही वेळा उठत नाही.

असे का होते? दारू पोटात गेली की लगेच सगळी रक्तात उतरत नाही. शेवटचा घोट घेतल्यावरही काही वेळ रक्तातले प्रमाण चढतच राहते. यकृत ती ठराविक वेगानेच जिरवते. लिंबू-पाणी, ताक, कडक चहा, थंड पाण्याची आंघोळ, यांपैकी कशानेही हा वेग वाढत नाही. प्रमाण फार झाले की मेंदूतले श्वास चालवणारे केंद्रच मंदावते. त्यात उलटी झाली आणि माणूस उताणा असला, तर ती श्वासनळीत जाऊन तो गुदमरतो. उपाशीपोटी प्यालेल्याची रक्तातली साखर उतरते. थंडीत अंग वरून गरम लागते, पण आतली ऊब झपाट्याने जात असते.

धोका कसा ओळखाल?

हलवून, चिमटा काढूनही जाग येत नाही. श्वास मिनिटाला आठपेक्षा कमी पडतो, किंवा दोन श्वासांत दहा सेकंदांहून जास्त खंड पडतो. ओठ, नखे निळी-फिकट दिसतात. अंग गार आणि ओलसर लागते. बेशुद्धीत उलटी होते, झटके येतात. यांतले एक लक्षण दिसले तरी पुरे, बाकीच्यांची वाट पाहू नका.

दुसरे विष

आपल्या उसाची मळी आंबवून, ऊर्ध्वपातन करून जो अल्कोहोल निघतो, त्याला इथाइल अल्कोहोल म्हणतात. मिथाइल अल्कोहोल ही चीज वेगळी. ती रंग, रसायने यांच्या कारखान्यांत लागते. दिसायला पाण्यासारखी, वासानेही ओळखू येत नाही. हातभट्टीवाले नफ्यासाठी तीच दारूत मिसळतात. दोन चहाचे चमचे, म्हणजे दहा मिलीलिटर, पोटात गेली तरी डोळे जाऊ शकतात. तीस मिलीलिटरने जीवही जाऊ शकतो.

जून २०१५ मध्ये मुंबईत मालाडच्या मालवणी भागात अशी दारू पिऊन शंभरावर माणसे दगावली. बहुतेक रोजंदारीवर पोट भरणारी. २०२४ साली न्यायालयाने या प्रकरणात चौघांना दोषी ठरवले. पण गेलेली माणसे परत आली नाहीत. शहरात घडले, आपल्याला काय, असे कोणी म्हणू नये. फेब्रुवारी २०१७ मध्ये नगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, पांगरमल या खेड्यात निवडणुकीच्या जेवणावळीत वाटलेल्या विषारी दारूने माणसे दगावली.

या विषाची लबाडी अशी की ते उशिरा बोलते. रात्री प्यालेला माणूस सकाळी उठून कामालाही लागतो. बारा-चोवीस तासांनी पोटात कळा, उलट्या, डोकेदुखी, धाप आणि डोळ्यांपुढे धुके सुरू होते. “काल घेतली होती, आज नीट दिसत नाही,” असे कोणी म्हटले तर त्याच क्षणी दवाखाना गाठावा. शरीरात या विषाचे फॉर्मिक आम्ल होते आणि ते डोळ्यांची नस जाळते. ते होऊ न देणारे औषध आहे, डायलिसिस आहे. पण वेळेत पोचले तर. उतारा म्हणून वर आणखी दारू पाजू नये.

हातात काय आहे?

१०८ क्रमांकाला फोन करा. गाव, शिवार, रस्त्यावरची खूण स्पष्ट सांगा आणि एका माणसाला बॅटरी घेऊन रस्त्यावर उभा करा. गाडी यायला वेळ लागेल असे दिसले तर मिळेल त्या वाहनाने जामनेरच्या उपजिल्हा रुग्णालयात किंवा जळगावच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात न्या.

तोपर्यंत माणसाला कुशीवर वळवा, वरचा गुडघा पुढे वाकवा, तोंड किंचित खाली झुकते ठेवा. अंगावर पांघरूण घाला. श्वास मोजत राहा. एकटे सोडू नका. श्वास थांबला तर छातीच्या मधोमध दोन्ही हातांनी जोरात, भरभर दाब द्यायला लागा. बेशुद्धाच्या तोंडात पाणी, ताक काही ओतू नका. घशात बोटे घालून उलटी काढू नका. बाटली उरली असेल तर सोबत न्या. तिच्यातले आणखी कोणी प्यायले असेल, तर त्यालाही बरे वाटत असले तरी घेऊन जा.

डॉक्टरांना खरे सांगा. आपल्याकडे माणसे दोन गोष्टींना भितात: पोलिसांना आणि चार लोकांत होणाऱ्या बोलण्याला. त्या भीतीत दोन-चार तास जातात आणि तेच तास जीव वाचवणारे असतात. चौकशी व्हायची ती होऊ द्या. माणूस गेल्यावर ती टळत नाहीच, उलट जास्त होते.

तोडणीला आलेली टोळी आपल्या भरवशावर आपल्या शेतात राहते. त्यांचे गाव दूर, दवाखाना अनोळखी. मुकादमाला ही माहिती आपणच सांगायची. सभासद बंधूंना आमची विनंती आहे की, या हंगामात पहिली मोळी बांधली जाईल त्या दिवशी कोपीपाशी पाच मिनिटे बसावे आणि सर्वांना एवढे एकच पाठ करून घ्यावे: हलवून जो उठत नाही, तो झोपलेला नाही.