मोहाची दारू: निळी ज्योत दिसली म्हणजे माल चांगला का?

अमेरिकेच्या बर्बन व्हिस्कीत किमान ५१ टक्के मका लागतो. नंदुरबारच्या सातपुड्यात मात्र दारू बनते मोहाच्या फुलांची. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे गळणारी फुलं वेचून वाळवतात, पाण्यात आंबवतात आणि भट्टी लावून धार काढतात.

मग चांगली ओळखायची कशी? वासाला मोहफुलांचा गोडसर दरवळ हवा; आंबट किंवा करपट वास नको. बरेच जण काडी लावून निळी ज्योत बघतात. पण त्यावरून दारू कडक आहे, एवढंच कळतं. विषारी मिथेनॉलही निळंच जळतं आणि चवीवरून ते ओळखू येत नाही. २०१५ मध्ये मुंबईच्या मालवणीत मिथेनॉल असलेल्या दारूने १०० हून अधिक जीव घेतले होते.

थोडक्यात, चव जीभ सांगेल. विष आहे की नाही, हे फक्त लॅब सांगते.