दोन भेटींमधला रुग्ण

वैद्य रुग्णाला पाहतो तो महिन्या-दोन महिन्यांतून एकदा, आणि तोही घटकाभर. व्याधी मात्र त्या दोन भेटींच्या मधल्या काळात, घरात, जिन्यावर आणि अपुऱ्या झोपेत, आपले काम अविरत करीत असते. ह्या मधल्या काळाचे दफ्तर मोबाईल फोनच्या रूपाने रुग्णाच्या खिशातच तयार होत आहे, हे ज्यांनी फार लवकर ओळखले, त्यांत डेबोरा एस्ट्रिन ह्या अमेरिकन संगणकशास्त्रज्ञ विदुषीचे स्थान अग्रगण्य आहे.

संगणकविद्या त्यांच्या घरातच होती. वडील जेराल्ड ह्यांनी इस्राएलचा पहिला संगणक, वायझॅक, उभारण्याच्या कार्याचे नेतृत्व केले. आई थेल्मा ह्यांनी १९६१ मध्ये लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात, मेंदूसंशोधनाच्या संस्थेत, संगणकीय प्रयोगशाळा स्थापिली. कन्येने १९८५ मध्ये एमआयटीची डॉक्टरेट संपादन केली आणि इंटरनेटवरील संदेशांचे मार्ग मुक्रर करणाऱ्या नियमांच्या अभ्यासात नाव मिळविले. २००२ साली आईच्याच विद्यापीठात त्यांनी संवेदक-जालांचे केंद्र उभे केले. सान हासिंटो पर्वतातील राखीव वनात ह्या केंद्राची छोटी उपकरणे हवामानाचे सूक्ष्म फेरफार टिपू लागली आणि पक्ष्यांच्या घरट्यांवर कॅमेरे नजर ठेवू लागले. पुढे फोन सर्वांच्या हाती आला, तेव्हा माणसाच्या दिनक्रमाची नोंद घेण्यासाठी निराळे उपकरण रोवण्याची गरजच उरली नाही.

परंतु नोंदी असणे निराळे आणि त्या परस्परांना समजणे निराळे. रक्तदाबाचा एक आकडा घ्या: वरचा दाब, खालचा दाब, पाऱ्याचे मिलिमीटर हे परिमाण, घेतल्याची वेळ, आणि रुग्ण बसलेला होता की आडवा, एवढे सारे ठराविक रीतीने लिहिलेले नसेल, तर एका कंपनीच्या यंत्राची नोंद दुसरीच्या दफ्तरात निरुपयोगी ठरते. इंटरनेटची रचना वाळूच्या घड्याळासारखी आहे. वर असंख्य उपयोग, खाली असंख्य यंत्रे, आणि मधल्या चिंचोळ्या कमरेत सर्वांना मान्य असे मोजके नियम. आरोग्याच्या नोंदींनाही अशीच सामाईक कंबर हवी, असे प्रतिपादन एस्ट्रिनबाईंनी, वैद्यक व माहितीशास्त्र दोन्ही जाणणाऱ्या आयडा सिम ह्यांच्यासह, २०१० मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात केले; ‘ओपन एमहेल्थ’ ही संस्था त्याच विचारातून उभी राहिली.

२०१२ मध्ये वयाच्या नव्वदीत एस्ट्रिनबाईंचे वडील निवर्तले. त्याआधीच्या काही महिन्यांत त्यांनी ईमेल लिहिणे सोडले होते, वाणसामानाच्या दुकानात जाणे थांबविले होते, फिरण्याचा पल्ला आखडला होता. हृदयाच्या आलेखात ह्यातले काहीच उमटले नव्हते. एकाच व्यक्तीच्या अशा नित्य खुणांना एस्ट्रिनबाईंनी ‘स्मॉल डेटा’ म्हटले, आणि त्या खुणा ज्याच्या त्याला परत मिळाव्यात असा आग्रह धरला. न्यूयॉर्कच्या कॉर्नेल टेक ह्या नव्या विद्यासंस्थेत, जिथे नेमणूक झालेल्या त्या पहिल्याच प्राध्यापक, हेच कार्य त्यांनी पुढे नेले. २०१८ मध्ये त्यांना मॅकआर्थर फेलोशिप लाभली.

संदेशांचे मार्ग, अरण्यातील संवेदक आणि रुग्णाचा फोन ही वरवर तीन विद्याक्षेत्रे. पण विखुरलेल्या असंख्य नोंदी कोणा एकाच्या मक्तेदारीविना एकत्र कशा नांदाव्यात, हा तिन्हींच्या मुळाशी असलेला प्रश्न एकच, आणि एस्ट्रिनबाईंनी तो आयुष्यभर सोडला नाही. आज आपल्या चालण्याची, झोपेची आणि नाडीची नोंद कंपन्यांच्या कोठारांत साठते आहे. ती रुग्णाच्या संमतीने आणि त्याच्या हुकमाप्रमाणे त्याच्या वैद्यापर्यंत निर्वेध पोहोचणे, हा त्याचा हक्क मानला पाहिजे.