जखम ओली, म्हणून घसा कोरडा?

"जखम ओली आहे अजून, त्याला काही गिळायला लावू नका हो." टॉन्सिलचं ऑपरेशन होऊन मूल घरी आलं की भेटायला येणाऱ्यांपैकी कुणीतरी हे वाक्य टाकतंच. नाशकात इंदिरानगर असो, सिडको असो की पंचवटी, माणसं बदलतात, वाक्य तेच. हातात फळांची पिशवी असते आणि त्यातलं काहीही त्या मुलाने खायचं नसतं. सांगणाऱ्याच्या मायेबद्दल शंका नाही, म्हणूनच ते खोडून काढणं अवघड जातं. पण या ऑपरेशननंतर मुलं पुन्हा दवाखान्यात दाखल होतात त्याची दोन ठळक कारणं आहेत: एक रक्तस्राव, दुसरं अंगातलं पाणी कमी होणं. पहिलं आपल्या हातात फारसं नसतं. दुसरं बऱ्याचदा आपणच घडवून आणतो.

टॉन्सिल म्हणजे पडजिभेच्या दोन्ही अंगांना असलेल्या दोन गाठी. त्या काढल्यावर तिथली जागा उघडीच राहते, भरून येते ती आपोआप, साधारण दोन आठवड्यांत. खाली घशाचे स्नायू असतात. मूल गिळायचं थांबलं की हे स्नायू आखडतात, घसा कोरडा पडतो आणि पुढचा घोट आधीच्यापेक्षा जास्त दुखतो. मग मूल पाणी बघूनच तोंड फिरवतं. घरचे म्हणतात, "राहू दे, दुखतंय त्याला." दुसऱ्या दिवशी मूल मलूल, अंग गरम, लघवी एकदाच आणि तीही गडद पिवळी. तिसऱ्या दिवशी सलाइन. एवढं सगळं घोटभर पाण्यासाठी!

गिळल्याने जखम उघडते, ही भीती या सगळ्याच्या मुळाशी आहे. ती तपासून झालेली आहे. ऑपरेशननंतर काही मुलांना फक्त मऊ-पातळ आणि काहींना हवं ते खाऊ देऊन तुलना केली गेली, तेव्हा दुखण्यात किंवा रक्तस्रावात म्हणण्यासारखा फरक दिसला नाही. ब्रिटनमधल्या रुग्णालयांत तर मुलाला त्याच दिवशी टोस्ट चावायला देण्याची पद्धत आहे. आपल्याकडे कुणी टोस्टचा आग्रह धरत नाही. गुरगुट्या भात, मुगाचं वरण, खिमट, शिरा, केळं, कोमट किंवा गार दूध, जे मूल घेईल ते द्यावं. लिंबू-संत्र्याने आणि तिखटाने चुरचुरतं, म्हणून ते टाळायचं. इजा होते म्हणून नव्हे. चिवडा-शेव काही दिवस डब्यातच राहू द्यावेत. आणि मुलाने आठवडाभर नीट जेवण केलं नाही, एखादा किलो वजन उतरलं, तरी घाबरू नये, ते भरून येतं. पाण्याच्या बाबतीत मात्र सवलत नाही. जागं असेपर्यंत दर तासाला दोन-चार घोट, चमच्याने, स्ट्रॉने, बाटलीच्या झाकणाने, कसंही. सहा-आठ तासांत लघवी झाली नाही तर डॉक्टरांना फोन.

पण दुखत असताना मूल पिणार कसं, हा प्रश्न रास्त आहे, आणि त्याच्या उत्तरापाशीच दुसरी आडकाठी येते: "सारखी औषधं देऊ नका, सवय लागते." पॅरासिटामॉलची सवय लागत नाही. मूल रडायला लागलं की मग बाटली शोधायची, हा आपला शिरस्ता. तोवर उशीर झालेला असतो, कारण तोंडाने दिलेलं औषध लागू पडायला अर्धा-पाऊण तास जातो आणि रडणारं मूल ते थुंकून टाकतं. पहिले काही दिवस दुखण्याची वाट न बघता घड्याळाकडे बघून, डॉक्टरांनी लिहिलेल्या अंतराने औषध द्यायचं आणि त्यानंतर अर्ध्या तासाने खायला बसवायचं. मात्र एक खबरदारी हवीच. पॅरासिटामॉलचं सिरप आपल्याकडे पाच मिलिलीटरमध्ये १२० किंवा १२५ मिलिग्रॅम आणि २५० मिलिग्रॅम अशा वेगवेगळ्या ताकदींत मिळतं, थेंबांची बाटली आणखी तीव्र असते. "एक चमचा द्या" या सूचनेला त्यामुळे काही अर्थ नाही. डोस मुलाच्या वजनावर ठरतो. बाटलीवरचा आकडा वाचून, मापाच्या झाकणाने किंवा सिरिंजनेच द्यावा. आयब्युप्रोफेन द्यायचं की नाही हे शस्त्रक्रिया करणाऱ्यालाच विचारावं. ॲस्पिरिन अजिबात नाही. कोडीन असलेलं खोकल्याचं औषध घरात पडलेलं असेल तर तेही नाही. काही मुलांच्या शरीरात कोडीनचं मॉर्फिन फार वेगाने होतं आणि श्वास मंदावतो. या ऑपरेशननंतर अशी मुलं दगावल्यावर अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१३ मध्ये सर्वांत कडक इशारा दिला आणि २०१७ मध्ये बारा वर्षांखालच्या मुलांना कोडीन देऊच नये असं स्पष्ट केलं.

दुखणं दिवसागणिक कमीच होत जाईल, हाही एक भाबडा समज. बऱ्याच मुलांचं दुखणं तिसऱ्या-चौथ्या दिवसानंतर वाढतं आणि आईवडील हबकतात, काहीतरी बिघडलं म्हणून. त्यातच मूल कान धरून बसतं. घसा आणि कान यांच्या संवेदना मेंदूकडे नेणारी एक नस सामाईक आहे, त्यामुळे घशातली कळ कानात जाणवते. कानात थेंब किंवा लसणाचं तेल घालून ती जाणार नाही.

आणि मग टॉर्च मारून घशात बघितलं जातं. दोन्ही बाजूंना पांढरट-पिवळा थर, तोंडाला वास. "पू झालाय!" तो पू नसतो. गुडघा फुटल्यावर खपली धरते ना, तीच इथे ओल्या जागेत पांढरी दिसते. तिला हात लावायचा नाही. कापसाने पुसायची नाही, खळखळून गुळण्या करवायच्या नाहीत. आपल्याकडे बोटाला हळद-मीठ लावून घसा दाबणारी, "पडजीभ वर बसवून देणारी" अनुभवी मंडळी प्रत्येक आळीत असतात. एरवीही हा प्रकार टाळण्यासारखाच, पण ऑपरेशननंतरच्या पंधरवड्यात अशा बोटाला दारातूनच परत पाठवावं, मग ते बोट सख्ख्या आत्याचं का असेना. या थरासाठी अँटिबायोटिकही लागत नाही. अमेरिकेतल्या कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचना या ऑपरेशनसाठी सरसकट अँटिबायोटिक देऊ नये असंच सांगतात.

आता आणखी एक मोठा आक्षेप, जो ऑपरेशनच्या आधी ऐकू येतो: "टॉन्सिल काढले की प्रतिकारशक्तीच जाते." टॉन्सिल प्रतिकारयंत्रणेचा भाग आहेत, हे खरं. पण घशाभोवती अशा पेशींचं एक पूर्ण कडं असतं, त्याखेरीज मानेतल्या लसिकाग्रंथी, प्लीहा, अस्थिमज्जा, आतड्याचं अस्तर. सारी भिस्त त्या दोन गाठींवर नसते. २०१५ मध्ये या विषयावरचे जुने-नवे अभ्यास एकत्र तपासले गेले, तेव्हा रक्तातल्या प्रतिपिंडांत थोडाफार फरक दिसला तरी त्याने मूल जास्त आजारी पडतं असा पुरावा मिळाला नाही. उलट बाजूने २०१८ चा डेन्मार्कचा अभ्यास दाखवला जातो. त्यात सुमारे बारा लाख मुलांच्या नोंदी होत्या आणि नऊ वर्षांच्या आत टॉन्सिल काढलेल्यांत पुढे श्वसनमार्गाचे आजार जास्त आढळले. आकडा दांडगा आहे, पण ज्या मुलांचे टॉन्सिल काढले ती आधीपासूनच जास्त आजारी पडणारी होती, हा फरक नोंदवहीतून पूर्ण वजा करता येत नाही. आजारपण ऑपरेशनने आलं की आजारपणामुळे ऑपरेशन झालं, हे त्या अभ्यासातून ठरत नाही.

मला त्या अभ्यासातून एवढंच घ्यावंसं वाटतं की कारणाशिवाय काढू नयेत. याची गरज इतिहासानेही दाखवली आहे. १९३४ मध्ये न्यूयॉर्कच्या एक हजार शाळकरी मुलांची पाहणी प्रसिद्ध झाली. त्यांतल्या सुमारे सहाशे मुलांचे टॉन्सिल आधीच काढलेले होते. उरलेल्यांना डॉक्टरांनी तपासलं आणि जवळपास निम्म्यांना ऑपरेशन सांगितलं. ज्यांना "गरज नाही" म्हटलं होतं ती मुलं दुसऱ्या डॉक्टरांपुढे नेली, त्यांनीही त्यांतल्या निम्म्यांना सांगितलं. तिसऱ्यांदाही तेच. हजारांतली अवघी पासष्ट मुलं सुटली! तो काळ गेला. आज वारंवारच्या संसर्गासाठी निकष असतो तो वर्षात सात वेळा, किंवा सलग दोन वर्षं दरवर्षी पाच वेळा, किंवा सलग तीन वर्षं दरवर्षी तीन वेळा, आणि तोही नुसता घसा दुखण्याचा नव्हे, तर ताप, मानेत गाठी, घशावर थर किंवा तपासणीत सापडलेले स्ट्रेप्टोकोकस जंतू अशा लक्षणांसह आलेल्या आजारपणाचा. त्यामुळे प्रत्येक वेळची तारीख लिहून ठेवावी. "सारखंच होतं हो" यावर कुणीही निर्णय घेऊ नये. टॉन्सिल नुसते मोठे दिसतात हेही कारण नाही. तीन ते आठ-दहा वर्षांच्या मुलांत ते मोठेच असतात आणि पुढे आपसूक लहान होतात.

ऑपरेशनचं दुसरं कारण झोपेचं. "घोरतोय म्हणजे गाढ झोपलाय" हे कौतुकाने सांगितलं जातं. मूल रोज घोरत असेल, मध्येच श्वास अडकून दचकत असेल, तोंड उघडं टाकून झोपत असेल, तर ती गाढ झोप नव्हे. २०१३ मध्ये अमेरिकेत पाच ते नऊ वर्षांच्या अशा ४६४ मुलांवर ऑपरेशनची चाचणी झाली. सात महिन्यांनी ऑपरेशन झालेल्यांपैकी ७९ टक्के मुलांची झोप-तपासणी सामान्य आली, आणि नुसती देखरेख ठेवलेल्यांपैकी ४६ टक्क्यांची. म्हणजे ऑपरेशनचा फायदा स्पष्ट, पण सौम्य त्रासात थोडं थांबून बघण्यातही तथ्य आहे.

आइस्क्रीमबद्दल दोन टोकांचे समज एकाच घरात सुखाने नांदतात. आइस्क्रीमने टॉन्सिल होतात, आणि ऑपरेशननंतर आइस्क्रीम हेच औषध. टॉन्सिल सुजतात ते विषाणूंनी आणि काही वेळा जंतूंनी. निफाडला पारा घसरला की मुलं आजारी पडतात ती बंद खोल्यांत एकमेकांवर खोकल्याने. द्राक्षांनी टॉन्सिल होतात हा आळही असाच. ऑपरेशननंतर आइस्क्रीम गार आणि मऊ म्हणून बरं वाटतं, त्यापलीकडे त्यात जादू नाही. फक्त लाल-जांभळं काही नको. रोझ सरबत किंवा कालाखट्टा उलटीतून बाहेर आला तर रात्री दोन वाजता रक्त कोणतं आणि रंग कोणता हे कळत नाही.

"लेझरने केलं की दुखत नाही, रक्त येत नाही." ब्रिटनमध्ये २००३-०४ मध्ये सुमारे ३४ हजार ऑपरेशनांची नोंद ठेवली गेली, तेव्हा उष्णतेवर किंवा विजेवर चालणाऱ्या पद्धतींत नंतरचा रक्तस्राव साध्या पद्धतीपेक्षा जास्त आढळला. यंत्राचं नाव विचारण्यापेक्षा डॉक्टरांचा हात कशावर बसला आहे ते विचारावं.

"रात्रीपासून पाण्याचा थेंबही नको." जेवण आणि दूध ऑपरेशनच्या साधारण सहा तास आधी बंद, पण साधं पाणी सहसा दोन तास आधीपर्यंत चालतं. नेमकी वेळ भूलतज्ज्ञांकडून लिहून घ्यावी.

"पोराला आधी सांगू नका, घाबरेल." फिरायला जातोय म्हणून नेलेलं मूल त्या दिवशी तर घाबरतंच, शिवाय नंतर औषध पाजताना तुमच्यावर विश्वास ठेवत नाही. तीन-चार वर्षांच्याला एक-दोन दिवस आधी, मोठ्याला आठवडाभर आधी, सरळ सांगावं: डॉक्टर झोपवतील, झोपेत काही कळणार नाही, उठल्यावर आई किंवा बाबा शेजारी असतील, घसा दुखेल, आणि दुखला की औषध देऊ. "अजिबात दुखणार नाही" एवढं मात्र म्हणू नये. भुलेतून उठताना लहान मुलं कधीकधी किंचाळतात, हातपाय झाडतात, आईलाही ओळखत नाहीत. हे सहसा अर्ध्या तासात ओसरतं आणि नंतर मुलाला आठवतही नाही. आजीला हे आधी सांगून ठेवावं, ती जास्त घाबरते.

राहिला रक्तस्राव. पहिला दिवस पार पडला की धोका टळला, असं धरून चालतात. ब्रिटनच्या त्याच नोंदींत शंभरातल्या तीन-चार रुग्णांना रक्तस्राव झाला आणि शंभरात एकाला पुन्हा टेबलावर घ्यावं लागलं. पहिल्या चोवीस तासांनंतरचा रक्तस्राव बहुधा पाचव्या ते दहाव्या दिवसादरम्यान होतो, म्हणजे खपली सुटते तेव्हा, जेव्हा मूल खेळायला लागलेलं असतं आणि घरचे निर्धास्त झालेले असतात. झोपेत मूल सारखं गिळत असेल तर दिवा लावून तोंडात बघावं. थुंकीत पुसट रेघ दिसली तरी फोन करावा. ताजं लाल रक्त दिसलं तर बसवून पुढे वाकवायचं, रक्त गिळू न देता थुंकायला लावायचं, खायला-प्यायला काही द्यायचं नाही आणि थांबण्याची वाट न बघता निघायचं. गल्लीतल्या दवाखान्यात नाही, जिथे ऑपरेशन थिएटर आणि भूलतज्ज्ञ आहेत तिथे. गाडी नसेल तर १०८.

म्हणूनच सुरगाणा, पेठ, हरसूलकडून आलेल्या कुटुंबांना एक विनंती. डिस्चार्ज दुसऱ्या दिवशी मिळाला तरी जमलं तर दहा-बारा दिवस नाशकातच नातेवाइकांकडे काढा. सातव्या रात्री रक्त आलं आणि मध्ये घाट असला तर वेळ फार जातो. ते शक्य नसेल तर निघण्यापूर्वी दोन गोष्टी डिस्चार्ज कार्डावर लिहून घ्या: रात्री उचलला जाणारा फोन नंबर, आणि तुमच्या गावाहून सर्वांत जवळचं असं रुग्णालय जिथे रात्रीही लहान मुलाला भूल देता येते.